पेंगेलीच्या फाटकाची करकर

"नोलीन, तुझं फाटक एकदम झकास करून टाकलं! नव्या बिजागऱ्या, वर तेल!" गावातला हरहुन्नरी क्लॅरी डुगन तेलाची बुधली नाचवत म्हणाला आणि नोलीनच्या हातातला सॉसेजचा पाव गवतात पडला.

कवी सायलस पेंगेलीचं वारानूक गावातलं पत्र्याचं घर नोलीन वीस वर्षं फुकट सांभाळत होती. पेंगेली देशाला माहीत तो एकाच कवितेमुळं, आणि ती कविता या करकरणाऱ्या फाटकावर. नगरपालिका घर विकायला निघाली होती. रेडिओवर करकर वाजली, पर्यटक आले, तर विक्री थांबणार होती. सोमवारी सिडनीची रेडिओवाली येणार म्हणून शनिवारी गावानं श्रमदान काढलं. फाटकाला हात लावू नका, हे सांगावं लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

"अरे बाबा, शाळेत कविता वाचली नव्हतीस?"

"वाचली की! बिचारा पाच कडवी बोंबलतोय, कुणी दुरुस्त करेना. मलाच लाज वाटली."

"जुन्या बिजागऱ्या कुठायत?"

"कचरा डेपोत. तो आता बुधवारी उघडणार."

रविवारी दोघांनी नव्या बिजागऱ्यांवर मिठाचं पाणी ओतलं, वाळू चोळली. फाटक काही केल्या वाजेना. क्लॅरीचं काम नेहमीच पक्कं असायचं, आणि आता तेच नोलीनच्या मुळावर आलं होतं. शेवटी त्यानंच तोड काढली. तो करकरणारी गंजकी ढकलगाडी घेऊन पाण्याच्या टाकीमागे लपणार आणि फाटक हललं की गाडी ढकलणार.

सोमवारी रेडिओवाल्या फिलिपानं माइक धरून फाटक उघडलं. चिडीचूप. लावलं. तरी चिडीचूप. ती घराकडे वळली आणि मागून जोरात करकर ऐकू आली.

"फाटक तर बंद आहे!" फिलिपा म्हणाली.

"वारा असेल," नोलीन म्हणाली. झाडाचं पानही हलत नव्हतं.

"नोलीन, ढकललं का गं तिनं?" टाकीमागून क्लॅरी ओरडला.

फिलिपानं जॅम आणि साय लावून दोन स्कोन-पाव खाल्ले. "घर गोड आहे हो," ती निघताना म्हणाली, "पण रेडिओवर मी ऐकवू काय?" नोलीनला अगदी रडू कोसळलं.

पुढच्या आठवड्यात 'विकणे आहे'ची पाटी लागली. ती जरा कलली होती, म्हणून क्लॅरीनं येऊन सरळ केली. नोलीननं दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि वीस वर्षांचा सगळा संताप एकवटून फाटक आपटलं. सगळ्या गावाला ऐकू जायला हवं होतं.

फाटक आवाज न करता हळूच मिटलं.

"बघ," क्लॅरी समाधानानं म्हणाला, "आता जन्मात तक्रार करणार नाही."