आदी आड दाखवा

हवालदार तात्यांनी माझी लेक वाचवली. हे आधी सांगतो, मग त्यांना खुशाल हसा.

तात्या म्हणजे माझे चुलत चुलते. फौजेतून पेन्शनीत आले ते पाण्याची खोड घेऊनच. रहिमतपूरकडं त्यांच्या एका पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो. पाहुण्यांनी पोहे पुढं केले, तर हे म्हणाले, "पोरगी मागनं. आदी आड दाखवा." उकिरड्यापासून आडापर्यंत पावलं टाकली. नऊच भरली. पोह्यांना हात लावला नाही गड्यानं! "पाव्हणं, घाण आडात झिरपतीया. उकिरडा हलवा, मग सोयरीक." मुलीचा बाप लय तापला. पण उकिरडा हलला आणि लग्नही झालं.

उसात कुणी युरियाचं पोतं फोडलं की तात्या बांधावर हजर. "घाल रं, घाल! वर धो धो पाट सोड. ऊस खाईल चिमूटभर, बाकी मुरमातनं खाली, तुझ्याच हिरीत." लोक म्हणायचे, ह्यांना फौजेत बंदुकीऐवजी लोटाच दिला असणार.

मी पाचवीतून शाळा सोडलेला, फौजेत ड्रायव्हर. सुट्टीवर आलो तेव्हा बायको टायफॉइडनं अंथरुणात, दोन महिन्यांची लेक बाटलीतल्या पावडरच्या दुधावर. एक दिवस पोरीचे ओठ निळे दिसायला लागले. आईनं काळजीपोटी दूध कालवायचं विहिरीचं पाणी आणखी उकळलं, पार निम्म्यावर आणलं. जास्त उकळलं की जास्त चांगलं, अशी आमची समजूत.

तात्यांनी पातेलंच उलटं केलं. "आवं वैनी, उकळून किडा मरतो. युरियाचं इख मरत न्हाई, दाट हुतं! फौजंतल्या डाक्टरानं शिकवलंय मला."

पोरीला तडक साताऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनीही औषध देऊन तेच सांगितलं. माझी छाती अशी फुगली, की जणू मीच सांगितलं होतं.

डोंगरातल्या झऱ्याच्या वर ना ऊस, ना उकिरडा. तात्या रोज सकाळी तिथून घागर आणू लागले. ओठ गुलाबी झाले, माझी सुट्टी संपली.

इथं जम्मूला बायकोचं पत्र आलं की आधी ओठांचं काय लिहिलंय ते शोधतो. या खेपेला लिहिलंय, पोरगी भाकरी चघळते, तरी तात्यांची घागर चालूच. बायको त्यांना म्हणाली, "आवं तात्या, आता कशाला डोंगर चढताय?"

तात्या उंबऱ्यावर टेकले. "आणू दे की, सूनबाई. घरात मी एकटा. घागर न्हाई म्हटल्यावर कुठल्या निमतानं येऊ?"

तात्या, हे उपकार मी फेडीन. पेन्शनीत आलो की रोज सकाळी तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसेन, काही निमित्त नसताना.