खोपकर चाळीतली गंगा

चिंतामणी साळसकरच्या व्याख्यानाला अकरा माणसं आली होती. त्यातली चार झोपली होती, दोघं पत्ते पिसत होती आणि एक जण आपली गॅसबत्ती परत न्यायची म्हणून थांबला होता.

चिंतामणी गिरणीत हजेरीबाबू. लालबागच्या खोपकर चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्याचं बिऱ्हाड. गेली नऊ वर्षं तो रजा टाकून कोकणात जाई आणि डोंगरातले जिवंत झरे शोधत हिंडे. कुठला झरा कुणी बांधून काढला, कुठल्या पाण्यावरून कुठल्या दोन गावांनी डोकी फोडली, हे सगळं तो वहीत उतरवी. असे एकशे त्रेचाळीस झरे त्या वहीत होते. चाळीच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दर वर्षी तो त्यातले वीसेक झरे श्रोत्यांवर सोडी, आणि श्रोते वाहून जात.

"चिंत्या, यंदा पन्नास डोकी दिसली नाहीत," कमिटीचा सेक्रेटरी गणपत त्याला आधीच म्हणाला होता, "तर पुढच्या वर्षापासून तुझ्या जागी जादूचे प्रयोग. तसा ठरावच झालाय. मी काय करणार?"

साल छप्पन्न. मुंबई केंद्राच्या घशात जाणार म्हणून सगळं परळ-लालबाग पेटलेलं. आदल्या संध्याकाळी लाखाच्या सभेत घसा बसवून आलेला माणूस दुसऱ्या संध्याकाळी सतराव्या झऱ्याची लांबी-रुंदी काय ऐकणार?

पत्तेवाल्यांनी डाव मांडलेला बघून चिंतामणीचा धीर सुटला. वही मिटत तो म्हणाला, "आणि मंडळी, झरे काय कोकणातच असतात? आपल्या चाळीच्या मागच्या भिंतीखालून परवापासून पाणी येतंय. कुणी सांगावं, तोही झराच असेल!"

ही थट्टा होती. पण पहिल्या रांगेत झोपलेली रखमाकाकी नेमकी त्याच वाक्याला जागी झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या भिंतीपाशी हळदकुंकू पडलेलं होतं, जास्वंदीची पाच फुलं होती आणि रखमाकाकी पदर खोचून उभी होती.

"गंगा इली रे, चिंतामणी! ह्या गुडघ्यार दोन ओंजळी घातलंय, नि वीस वर्सांचो ठणको गप! तुझ्या तोंडात साखर पडो!"

"काकी, मी आपलं सहज—"

"सहज कशाक? नऊ वर्सां तू त्या डोंगरांनी फिरलंस ना? तुझीच पुण्याई ही!"

नऊ वर्षांत चिंतामणीच्या फिरण्याला कुणी पुण्याई म्हटलं नव्हतं. बायकोचा शब्द वेगळा होता. त्यामुळे पुढचं वाक्य त्याने गिळलं.

आठवड्याभरात चाळीत मुंगीला शिरायला जागा उरली नाही. शेजारच्या चाळींतून लोक कळश्या घेऊन येऊ लागले. गंगा पहाटे पाच ते साडेसात यायची आणि संध्याकाळी चार ते साडेपाच. नळाच्याही वेळा याच होत्या, पण खोपकर चाळ पडली कोकणातल्या माणसांची. राजापूरची गंगा तीन वर्षांनी येते आणि मनात येईल तेव्हा जाते, हे सगळे आईच्या दुधाबरोबर शिकलेले. येणं-जाणं हा गंगेचा स्वभावच. उलट राजापूरकरांना तीन वर्षं वाट बघावी लागते आणि आपल्याकडे दिवसातून दोनदा येते, याचा चाळीला नाही म्हटलं तरी अभिमान वाटू लागला.

"अहो," सुंदराबाई एका सकाळी नवऱ्यासमोर रिकामी कळशी आपटत म्हणाली, "मागं पाणी आलं आणि आपल्या मजल्याचा नळ आटला, एकाच दिवशी. आठ दिवस मी खालून तीन जिने पाणी चढवतेय. ती गंगा कुठली आहे ते तुम्हाला कळत नाही?"

"कळतं गं," चिंतामणी हळूच म्हणाला.

"मग सांगा की लोकांना!"

"सांगतो. रविवारचं व्याख्यान होऊन जाऊ दे. खास लोकाग्रहास्तव ठेवलंय. गणपत म्हणतो, पाचशे माणूस येईल."

सुंदराबाईने नुसतं बघितलं. एकशे त्रेचाळीस झरे त्या नजरेने आटले असते.

रविवारी दुपारी साडेतीनला, व्याख्यानाला पाचशे माणूस जमलेलं असताना, फाटकाशी पाणीखात्याचा फिटर उगवला. बुधाजी नाव, खांद्यावर पहार. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी तक्रार केली होती. कुणी ते चिंतामणीने विचारलं नाही.

"चाळीचा जुना नळ फुटलाय," बुधाजी म्हणाला. "मागं खणावं लागेल."

गणपत आडवा पडला. अक्षरशः, झऱ्याला आडवा. "आधी मुंबई पायजे, आता झरा पण पायजे? दिल्लीला जाऊन सांग, इथून एक थेंब मिळणार नाही!"

"अवो, मी दिल्लीचा नाय. वरळीला बीडीडी चाळीत राहतो. कालच्या सभेला मीबी होतो."

"मग लाज नाही वाटत? झरा आमच्या हक्काचा—"

"नाही कुणाच्या बापाचा!" पाचशे जण गरजले आणि झऱ्याभोवती फतकल मारून बसले.

चिंतामणी पुढे झाला. "मंडळी," तो ओरडला, "हे बुधाजीराव म्हणतात ते खरं आहे! हा नळच आहे!"

गणपत पडल्या पडल्या म्हणाला, "फोडला! आपला माणूस फोडला सरकारनं! चिंत्या, सरकारचे लोक कधी भेटले तुला?"

"नजर लागली रे पोराक," रखमाकाकीने त्याच्यावर ओंजळभर गंगा शिंपडली.

बुधाजीने चिंतामणीला कोपऱ्यात ओढलं. "साहेब, भांडू नका. पाणी मागं येतंय म्हणून मी मागं म्हणालो, पण मला वाटतं नळ फुटलाय पुढं, फाटकाशी. तिथं आता काळं कुत्रं नाय. तुम्ही यांना तासभर बसवून ठेवा. तेवढ्यात मी फुटक्या जागी लोखंडी पट्टा आवळतो."

"तासभर? माझ्या व्याख्यानाला?" चिंतामणीने विचारलं. "दहाव्या मिनिटाला उठतात हो."

"आज नाय उठायचे. उठले तर सरकार झरा नेईल ना!"

चिंतामणीने वर बघितलं. तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून सुंदराबाई उभी होती, कमरेवर रिकामी कळशी. त्याने वही उघडली.

असा तो कधी बोलला नव्हता. पहिला झरा, दुसरा झरा, गावांच्या मारामाऱ्या, तहानलेली घोडी, कुणी हलेना. फाटकाकडून पहारेचा ठण ठण आवाज आला की तो आवाज चढवी, आणि लोकांना वाटे, काय तळमळीने बोलतोय माणूस. प्रत्येक झऱ्यागणिक पाचशे जण टाळ्या वाजवत होते. चोपन्नाव्या झऱ्याला त्याच्या ध्यानात आलं, मागची धार करंगळीएवढी झालीय. साठाव्याला ती दोऱ्याएवढी झाली. आयुष्यातलं सगळ्यात रंगलेलं व्याख्यान तो देत होता, आणि देता देता स्वतःच्या गंगेचा गळा आवळत होता. तरी त्याने एकसष्टाव्या झऱ्याचं पान उलटलं.

बासष्टाव्या झऱ्याला, साडेपाच वाजायला चांगला अर्धा तास असताना, भिंतीखालून एक बुडबुडा आला, फुटला आणि सगळं थांबलं.

पाचशे माणसं भिंतीकडे वळली.

"गेली," रखमाकाकीने हात जोडले.

गणपत अंग झाडत उठला. डबक्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. "कमाल आहे चिंत्या तुझी. आजवर तुझ्या व्याख्यानातून माणसं उठून जायची. आज गंगा उठून गेली."

चिंतामणीला वाटलं, संपलं. पुढच्या वर्षी टोपीतून ससा निघणार. पण गणपतने वहीला हात लावून नमस्कार केला. "पण तिनं साठ झरे ऐकले, मंडळी! देवाला आवडल्याशिवाय कोण एवढं बसतंय? मी ठराव मांडतो. गंगा परत येईल त्या दिवशी पहिलं व्याख्यान चिंतामणी साळसकर यांचं. तोपर्यंत मात्र," आवाज खाली आणून तो म्हणाला, "जादूचे प्रयोग."

ठराव टाळ्यांच्या कडकडाटात पास झाला.

चिंतामणी गर्दीतून वाट काढत फाटकाशी आला. बुधाजी खड्डा बुजवून वर माती चोपत होता.

"झक्कास काम झालं बघा, साहेब. पंचवीस वर्षं बघायला नको."

"पंचवीस?"

"वर पाचेक धरा."

चिंतामणीने इकडं तिकडं बघितलं. "बुधाजीराव, राजापूरची तीन वर्षांनी येते हो. तेवढ्यात कधी इकडून जाणं झालं, तर जरा—"

"अहो!" तिसऱ्या मजल्यावरून हाक आली. सुंदराबाईची कळशी काठोकाठ भरली होती. "पाणी आलं! आणि तुम्ही त्या माणसाशी काय कुजबुजताय?"

"आभार मानतोय!" चिंतामणी ओरडला, आणि त्याने खड्ड्यावरची माती स्वतःच्या पायाने नीट दाबली.