पत्रात वारलेली रत्नव्वा

पाडव्यापर्यंत कादंबरी कुणी छापायला घेतली नाही, तर रुद्रय्या मास्तरांनी कोल्हापूरची नोकरी सोडून जयसिंगपूरला सासऱ्यांच्या गुळाच्या अडतीवर बसायचं, असं ठरलं होतं. शाहू महाराजांनी ती पेठ नव्यानंच वसवली होती. सासरे चन्नाप्पा यांना तिथं लिहितावाचता येणारा विश्वासू माणूस हवा होता. जावई पसंत होता. कादंबरी तेवढी आड येत होती.

मास्तरांनी पुण्याच्या एका प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहिलं आणि सुधारून घ्यायला मीरासाबकडं नेलं. मीरासाब कचेरीबाहेर बसून लोकांच्या अर्ज्या लिहून देई. त्यानं पत्र वाचून बाजूला ठेवलं.

"मास्तर, ह्यात दुःख कुठं हाय?"

"पुस्तकात हाय की."

"पुस्तक मागनं. अर्जी दुःखावर चालती. घर जळलंय?"

"न्हाय."

"जळू दे. बायको?"

"हाय की. बरी हाय."

"मग कसं व्हायचं?" असं म्हणत मीरासाबनं टाक दौतीत बुडवला.

मास्तरांनी हरकत घेतली. त्यावर मीरासाबचं म्हणणं असं, की अर्जी वाचून घर बघायला आलेला अंमलदार त्यानं अजून पाहिलेला नाही. नवं पत्र तीन पानांचं झालं. त्यात घर शाबूत राहिलं, पण मास्तरांची बायको रत्नव्वा वारली. कादंबरीला शेवटी दीड ओळ मिळाली.

चन्नाप्पा सरळ माणूस. जावयाचा माल नीट न दाखवल्यामुळं पडून राहावा, हे त्यांना पटेना. पत्रासोबत कादंबरीचं पहिलं प्रकरण जाणार हे ऐकून ते म्हणाले, "वरनं गूळ कुणीबी चकाकता करतंय. ढेपंच्या पोटातली फोड पाठवा, जावईबापू."

मास्तरांनी वहीच्या बरोबर मधली पानं काढली. त्यांत नायक स्वतःच्या तोंडानं बायकोच्या मरणाची हकीकत सांगत होता.

उत्तर लगेच आलं. कादंबऱ्यांना गिऱ्हाईक नाही. पण आपली ही सत्य हकीकत आम्ही अवश्य छापू, असं प्रकाशकांनी कळवलं होतं. शिवाय ते सांत्वनाला स्वतः येणार होते.

मास्तरांनी रत्नव्वाला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "मी मेले कशानं?"

"पटकीनं."

"रोग तरी बरा बघायचा," असं म्हणून तिनं लुगडी बांधली आणि माहेरची वाट धरली.

प्रकाशक आले. मास्तरांनी स्वतः केलेली भाकरी त्यांना वाढली. ती एका अंगानं करपलेली आणि दुसऱ्या अंगानं कच्ची होती. दुसऱ्या घासाला पाहुण्यांचे डोळे भरून आले. शंकेला जागाच उरली नाही.

पुस्तक खपलं. सांगली-साताऱ्याहून वाचक मास्तरांच्या सांत्वनाला येऊ लागले. पुढं पुढं मुलींच्या पत्रिका घेऊन येऊ लागले. एक वकील तर मुलीलाच घेऊन आले आणि दोन दिवस राहिले. अशा घरात रत्नव्वाला परत आणायचं कसं?

शेवटी मास्तर जयसिंगपूरला गेले. अडतीच्या मागच्या खोलीत रत्नव्वा शेंगा फोडत बसली होती.

"चल घरला," मास्तर म्हणाले.

"मेलेल्या बाईनं कुठं भाकऱ्या थापायच्या असत्यात व्हय?"

"मग मी काय करू?"

पुढं गादीवर बसलेल्या चन्नाप्पांनी मागं वळून पाहिलं नाही. थोडं सरकून त्यांनी शेजारी जागा केली.

"बसा, जावईबापू. हितं पुस्तकं कोण वाचत न्हाय."