वरचे दाणे

"सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन व्हा, नोकरी नक्की!" मोबाइलवर आलेली ही जाहिरात मी पूर्ण न वाचताच शेजारच्या नामदेवभाऊंना पाठवून दिली. चहा उकळायच्या आत ते दारात.

"दिलीपभाऊ, यात तुम्हाले काय भेटते?"

काहीच नाही, असं सांगितल्यावर तर त्यांचा संशय पक्काच झाला.

नांदुऱ्याच्या बाजारात धान्य खरेदी करण्यात त्यांचा जन्म गेला. पोत्यात परखी खुपसून तळची तूर हातावर घेतल्याशिवाय ते भाव बोलत नाहीत. "वरचे दाणे नका दाखवू," हे ते डॉक्टरलाही ऐकवतात. आमच्याकडे बिस्किटांचा पुडासुद्धा खालून फोडतात.

त्यांच्या रेणूला बारावीनंतर एक्स-रे, सीटी स्कॅनचं काम शिकायचं होतं. आई नाही, घरात बापलेक दोघंच. जाहिरातवाल्या संस्थेत भाऊ मलाच धरून घेऊन गेले. संचालकांनी कापड बाजूला करून यंत्र दाखवलं. भाऊ थेट यंत्रामागे गेले आणि वायरचं टोक हातात धरून बाहेर आले. त्याला पिनच नव्हती.

"हे काय हवेवर चालते का?"

मी आपल्या चपलांकडे पाहत राहिलो.

मग जिल्ह्याबाहेरचं एक कॉलेज पाहिलं. तीन वर्षांची पदवी, शिवाय दवाखान्यात प्रत्यक्ष काम. यंत्रं चालू, बाहेर पेशंटची रांग. मुलींच्या अंगावर शिशाचे एप्रन, छातीवर किरणं मोजणारा बिल्ला. भाऊंनी एक एप्रन उचलून वजन पाहिलं, बिल्ला उलटा करून पाहिला. खोट सापडेना.

"मेसची डाळ पातळ हाय," ते शेवटी म्हणाले.

"मंग काय, डाळीपायी रेणूले घरी बसवता का?" मी म्हणालो.

त्यांनी वळून एप्रनवाल्या एका मुलीला विचारलं, "बाई, शिकून झाल्यावर गावी येता येते का?"

"सीटीची मशीन असन तिथं नोकरी, काका. आपल्या गावात कुठं हाय मशीन?"

परखी न खुपसताच तळचा दाणा हातावर आला होता.

"ही पोरगी खोटं नाही बोलत," भाऊ म्हणाले आणि प्रवेशाच्या खिडकीकडे चालू लागले.

रेणू कॉलेजला गेल्यापासून ते रोज संध्याकाळी आमच्याकडे येतात. कधी आमचं वीजमीटर जास्त पळतं का पाहतात, कधी दुधात बोट बुडवतात. काल ते गेल्यावर मी बायकोला म्हणालो, "याईले आता आपलाच संशय येऊन राह्यला वाटते."

ती परात धुवत होती. म्हणाली, "उद्यापासून दोन भाकरी जास्त टाकतो मी. पण त्याईले उरल्या म्हणून सांगजा. नाही तं विचारतीन, यात तुम्हाले काय भेटते."