गिरीधरच्या अंगातले लोखंड

राजसबाईंच्या हातची कॉफी कुणी नको म्हटली, असे चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये कधी घडले नव्हते. ते घडवले पोटच्या मुलाने, तेही शेजारच्या कमलिनीमामींसमोर.

"आजपासून कॉफी बंद, अम्मा," गिरीधर म्हणाला. "कॉफीने अन्नातलं लोह अंगाला लागत नाही."

"तुझ्या आजोबांच्या अंगाला बरं लागलं! म्हातारे दातांनी नारळ सोलायचे."

गिरीधर ओरगडमच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. पेपरच्या पुरवणीत त्याने वाचले होते की, जेवणात खनिजे पुरेशी असली तर मेंदूत गाठ होण्याचा धोका कदाचित कमी होत असावा. त्यातले 'कदाचित' त्याने तिथेच टाकले आणि बाकीचे घरी आणले. तीळ आले, नाचणी आली, भोपळ्याच्या बिया आल्या, लोहाच्या गोळ्या आल्या, शेवग्याचा पाला तर पोत्याने आला. नवी सून सुष्मिता सगळे निमूट रांधत होती. ती पुण्याची, तिला वाटले, हे तंजावरकडचे मराठे असेच खात असतील.

दोन दिवसांत गिरीधरचे डोके ठणकू लागले.

"गाठ!" तो म्हणाला. "खनिजं कमी पडली."

पाला दुप्पट झाला. डोकेही दुप्पट ठणकू लागले.

"कण्णा, माझ्या बाळा, घोटभर कॉफी घे. उतरेल."

"अम्मा, मला मारायचंय का?"

त्या दिवशी राजसबाई जेवल्या नाहीत. म्हणजे दोसे खाल्ले, भाताला शिवल्या नाहीत. "आता मागितल्याशिवाय थेंब देणार नाही," असे त्यांनी भिंतीला ऐकवले. तरी डोक्याचा स्कॅन काढायला तिघे रिक्षाने निघाली, तेव्हा त्यांच्या मांडीवर कॉफीचा फ्लास्क होताच.

"अंगात कुठे लोखंड, धातू?" मशीनवरच्या माणसाने विचारले.

"आहे," गिरीधर प्रामाणिकपणे म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ."

"कुठे?"

"आता सगळीकडे पसरलं असेल."

माणूस मागे सरला. "सार, हे मशीन म्हणजे मोठं लोहचुंबक आहे."

गिरीधर पांढरा पडला. कारखान्यात चुंबकाने लोखंडाचे पत्रे उचलताना त्याने रोज पाहिले होते. "सुष्मिता, पाय धर माझे! घट्ट!"

तिने धरले. बाकावरच्या बायकांना वाटले, पोरगी नवऱ्याचा शेवटचा आशीर्वाद घेते आहे. त्यांनी रडायला सुरुवात केली. तो गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी आधी गोळ्यांचे ऐकून घेतले, मग पाल्याचे.

"आणि कॉफी?"

"रोज पाच पेले. गुरुवारी एकदम सोडली."

"डोकं कधीपासून दुखतंय?"

"शनि..." गिरीधर थांबला.

"कॉफी एकदम सोडली की दुखतं. आधी अर्धा पेला पिऊन या. तरी दुखलं तर मशीन कुठे पळत नाही. आणि यापुढे जेवणानंतर तासाभराने प्या, म्हणजे लोहाचीही तक्रार नको."

राजसबाई उठून उभ्या राहिल्या. "ऐकलंत?" त्या साऱ्या बाकाला म्हणाल्या. "मी तिसरीपर्यंत शिकलेली. या बाई एवढ्या शिकल्या, तेव्हा कुठे माझ्यापर्यंत पोचल्या! कॉफी म्हणजे काय, हे आमच्या घरात..." बोलता बोलता त्यांनी पेला पदराने पुसला, फ्लास्कचे झाकण फिरवले, कॉफी फेस येईपर्यंत उंचावरून ओतली आणि ऐटीत हात पुढे केला.

गिरीधर तिथे नव्हता.

तो खाली सापडला, हातगाडीपाशी. कागदी कपातली पातळ, पिवळट कॉफी संपवून तो दुसरी मागत होता. कपाळावर एकही आठी नव्हती.

"अम्मा, डोकं दुखायचं थांबलं! काय कॉफी आहे! जन्मात अशी प्यायलो नाही!"

राजसबाईंनी गाडीकडे पाहिले, गाडीवाल्याकडे पाहिले, मुलाकडे मात्र पाहिले नाही. पदर कपाळाभोवती करकचून बांधून त्या पायरीवरच बसल्या.

"काय झालं, आई?" सुष्मिता घाबरली.

"डोकं," राजसबाई म्हणाल्या. "वर जा आणि सांग त्यांना, मशीन बंद करू नका. म्हातारीला घालायचंय."