पाचाचं बटण

टेलरमास्तरांच्या मोबाइलवर पाचाचं बटण तेवढं झिजलं होतं. फोन जुना, मास्तरांच्या आयुष्यातला पहिला. तरी बाकीचे आकडे वाचता येत होते. पाच मात्र साफ पुसला गेला होता. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

लेकीचा नंबर, दिरांचा, कापडवाल्याचा. काकूंनी सगळे आठवून पाहिले. एकेकात फार तर एखादा पाच. म्हणजे पाचच पाच असलेला कुणाचा तरी नंबर मास्तर रोज लावत होते.

एकदा संशय शिरल्यावर सगळं जुळतच गेलं. मास्तरांचं हल्ली कामात लक्ष नव्हतं. परवा काळ्या शर्टाला निळी बटणं लावून मोकळे झाले. रस्त्यात अनोळखी बायकांकडेही बघून हसत. फोन वाजला की तो पार नाकापर्यंत नेत. गेल्या आठवड्यात गॅलरीत उभे राहून म्हणाले, "आज चंद्र दोन दिसतायत." या वयात! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच. त्यावर कळस म्हणजे, "तू अजून तश्शीच दिसतेस गं," असंही म्हणाले होते. लग्नापासून आजवर ज्या माणसाने आमटीलाही बरी म्हटलं नव्हतं, तो!

"लेकीने दिलेला नवा फोन कपाटात कुजतोय. त्या जुन्यात एवढं काय आहे?" काकूंनी खडा टाकून पाहिला.

"सवय झालीय."

"कुणाची?"

"फोनची!" मास्तर दचकून म्हणाले. ते दचकणं काकूंनी टिपून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चौकातल्या ब्यूटी पार्लरची पाटी दिसली आणि काकूंनी तिच्यावरचा फोन नंबर दोनदा वाचला. शेवटी ओळीने पाचच पाच होते. काकू तडक आत शिरल्या. नुसतं बसून चौकशी करता येईना, म्हणून केस कापायला सांगितले.

"आमचे मास्तर येतात का हो इकडे?" कात्री चालू झाल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मास्तर? अहो, नेहमीचे आमचे!"

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"येतात आणि विचारतात, डॉक्टर आहेत का? मी म्हणते, मास्तर, डोळ्यांचा दवाखाना वरती, जिना चढा. तर पहिल्या पायरीपर्यंत जातात न् परत फिरतात. गेल्या खेपेला तर मलाच म्हणाले, नमस्कार डॉक्टर! एवढी मोठी पाटी आहे हो आमची!"

काकू ताडकन उठल्या.

"अहो काकू, डावी बाजू राहिलीय!"

"राहू दे."

घरी मास्तर सुईत दोरा ओवत होते. दोरा सुईच्या शेजारून जात होता. काकू उजेडात, अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. "कशी दिसते मी?"

मास्तरांनी मान वर केली. "छान. नेहमीसारखी."

काकूंनी टेबलावरचा फोन उचलला, डोळे मिटले आणि बटणांवरून अंगठा फिरवला. मधोमध, झिजून जेमतेम उरलेलं एक टिंब लागलं.

"पाचावर टिंब असतं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी दोरा खाली ठेवला. "त्याच्या वर दोन, खाली आठ," ते हळूच म्हणाले. "नव्या फोनला नुसती काच. कुठे चाचपणार?"

"माझ्यापासून लपवलंत?"

"तुला कळलं की लेकीला कळणार, मग गल्लीला. मोतीबिंदूवाल्याकडे कोण कपडे टाकेल? आणि डोळ्याला सुरी लावतात गं…"

"मला वाटलं, पार्लरवाली."

"तिला मी नीट बघितलीय कुठे!"

हसू दाबत काकूंनी त्यांचा हात धरला आणि आपल्या केसांवर ठेवला. आधी उजवीकडे, मग डावीकडे. शिंप्याची बोटं ती, जागीच थबकली.

"अगं, चार बोटांचा फरक आहे! कुणी कापलं हे?"

"आणि आत्ता छान म्हणालात ते?"

मास्तरांनी सुई पिनकुशनमध्ये खोचायला नेली. ती टेबलात रुतली. त्यांनी ती तिथेच राहू दिली.

"उद्या तू बरोबर चल," ते म्हणाले. "जिना पूर्ण चढू. ऑपरेशन करून टाकतो."