लाकूड न कापण्याचा दाखला

पुरुषोत्तमनगरच्या भिकुबाई पाटील यांच्या दोन्ही गुडघ्यांनी यंदा खाली बसण्यास असमर्थता दर्शवली. घरात संडास देशी. उठताना धरायला नळाला एक जुनं लुगडं बांधलेलं. तो नळही आता हलायला लागला होता. आधी नळ निखळतो की भिकुबाई, एवढंच ठरायचं बाकी होतं.

सुनेनं, म्हणजे यामिनीनं, विषय एका वाक्यात संपवला. "संडासनी, भोक पाडेल खुर्ची मेडिकलमा तयार भेटस. आज येतायेता लई या."

चंदन हा भिकुबाईंचा एकुलता एक मुलगा, कचेरीतला जुना लिपिक. तो दुखावला. "तयार? घरमा बापनी खुर्ची पडेल शे. तिले मधमा लंबगोल भोक पाडं, का काम खलास! फक्त जिगसॉ मशीन पाहिजे."

जिगसॉ म्हणजे काय, हे चंदनला महिन्यापूर्वी माहीत नव्हतं. पण मोबाइलवर एका गुळगुळीत माणसानं आपल्या दिवाणखान्यात उभं राहून सांगितलं होतं, की वर-खाली नाचणाऱ्या पात्याचं हे छोटं यंत्र ज्या घरात नाही, ते घर परावलंबी. चंदनला ते लागलं. त्यानं अभ्यास सुरू केला. वॅट किती, पातं मिनिटाला किती वेळा नाचतं, स्वस्तातलं कोणतं टिकतं. कॉलनीतले लोक सल्ला द्यायला जमू लागले. ज्यांनी जन्मात भिंतीत खिळा ठोकला नव्हता, ते पात्याच्या दातांवरून एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले.

"माय, कमी पैशामा चांगलं मशीन निवडनं सोपं नही ऱ्हास," चंदन आईला म्हणाला.

"नसी भाऊ," लुगडं धरून उभ्या भिकुबाई म्हणाल्या. "पन मन्हं बसनंबी सोपं नही शे."

शेवटी शहाद्याच्या नथ्थूशेठच्या दुकानात चंदननं तीन मशीनं समोर मांडून घेतली. एक महाग, एक मधलं, एक अगदी स्वस्त. कंपनीची नावं शेवटी सांगतो. मधलं पक्कं झालं, पिशवीतही गेलं. तेवढ्यात नथ्थूशेठ गमतीनं बोलून गेला, "पाटीलभाऊ, ईजवर लाकूड कापनार तुम्ही, म्हनजे आरागिरनीच व्हयनी. परवाना काढी ल्या बरं का!"

दुसरा कोणी असता तर हसून घरी गेला असता. त्यानं भोक पाडलं असतं आणि म्हातारी त्याच संध्याकाळी सुखानं बसली असती. पण चंदन पडला लिपिक. कागदाशिवाय त्याला शिंकसुद्धा नियमबाह्य वाटायची. त्यानं मशीन पिशवीतून काढून दुकानातच परत ठेवलं आणि तो परवान्याचं विचारायला गेला. न विचारता कामाला लागलेला माणूस सरकारला दिसत नाही. विचारणारा मात्र लगेच सापडतो.

ज्या कचेरीत तो गेला तिचं नाव इथे लिहिलं, तर पहिली नोटीस या पानालाच येईल. ओसरीत धडगावकडचा करमसिंग उकिडवा बसला होता. शेजारी वाळक्या फाट्यांची मोळी. मोळी जप्त होती, आणि मोळी सोडून जायचं नाही म्हणून करमसिंगही जप्त होता. आत साहेबांचं टेबल सागाचं. कपाट सागाचं. 'झाडे जगवा' ही पाटीसुद्धा सागाचीच.

"यंत्र विजेवर चालतं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब."

"लाकूड कापतं?"

"त्याच्यासाठीच तर..."

"मग ती आरागिरणी."

"साहेब, ते एका हातात मावतं."

"नियमात हाताचा उल्लेख नाही. शेड कुठे आहे? फलक कुठे आहे? जंगलापासून अंतर मोजलं का? आणि तसेही नवीन परवाने बंद आहेत."

"आईला खाली बसता येत नाही, साहेब."

"ती बाब आरोग्य खात्याची."

चंदन रडवेला झाला. "मग घरात चालेल असं कोणतं मशीन घेऊ, तेवढं तरी सांगा!"

साहेबांनी बराच वेळ छताकडे पाहिलं. छतही सागाचंच होतं. "जे लाकूड कापत नाही, ते घ्या," ते म्हणाले. "मात्र कापत नाही, याची प्रत्यक्ष पाहणी होईल."

चंदन नथ्थूशेठकडे परतला. ऐकून नथ्थूशेठचा चेहरा उजळला. "मंग हाई स्वस्तवालं लई जा! कितलाक गिऱ्हाईक परत करी गयात. लोनीबी कापत नही, मन्ही गॅरंटी."

पाहणीला साहेब दोन माणसं घेऊन घरी आले. यामिनीनं चहा ठेवला. चंदननं बापाची खुर्ची अंगणात मांडली आणि मशीन सुरू केलं. मशीन ओरडलं, तापलं, त्यातून धूर निघाला, पातं केळीच्या पानासारखं वाकलं. खुर्चीवर एक ओरखडा उमटला. साहेबांनी बोट फिरवून तो तपासला आणि ते प्रथमच हसले. दाखला जागीच लिहिला गेला: सदर यंत्र लाकूड कापण्यास पूर्णतः असमर्थ आढळल्याने, लाकूड कापण्याच्या घरगुती कामासाठी वापरण्यास हरकत नाही.

चंदननं दाखला दोन्ही हातांनी घेतला.

साहेबांचं बोट मात्र अजून ओरखड्यावरच होतं. "पाटील, रंगाखाली साग दिसतो. खुर्चीची पावती?"

"बापानं केली होती साहेब, पन्नास वर्षं झाली!"

"म्हणजे पन्नास वर्षांपासून विनापरवाना. उचला रे."

दोन माणसांनी खुर्ची जीपमध्ये टाकली. भिकुबाई दारात उभ्या होत्या. "मन्हा जलम उभ्यानीच सराना शे का रे?" त्यांनी विचारलं. जीप निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी नवापूरहून भिकुबाईंची मुलगी रूपाली आली. तिनं आईचं गाठोडं बांधलं. तिच्या घरी मेडिकलमधली तयार खुर्ची होती. "दादा, मायनी काळजी करू नको," ती म्हणाली. "तू तुन्हं मशीन सांभाळ."

भिकुबाई जाताना एवढंच म्हणाल्या, "ते लुगडं सोडी ठेव. नळ तरी वाची."

दाखला आता चंदनच्या भिंतीवर चौकटीत आहे. खुर्ची साहेबांच्या ओसरीत आहे. करमसिंगची मोळी साहेबांच्या बंबात गेली, आणि करमसिंगला पुढची तारीख मिळाली. कायदेशीर जिगसॉ मिळतं म्हटल्यावर नथ्थूशेठच्या दुकानापुढे रांग लागते. चंदनकडेही रोज माणसं येतात, दाखल्याचे फोटो काढतात आणि कंपनीचं नाव विचारतात. म्हातारी कुठे गेली, हे आजवर कोणीच विचारलेलं नाही.

आणि तुम्ही काय वेगळे? तुम्हीसुद्धा मधल्या मशीनच्या कंपनीचं नाव कधी येतं, म्हणूनच इथवर आलात. नाव सांगणार नाही. घरात कोणाचे गुडघे दुखतात, ते आधी बघून या.